अहवालात ‘केसीएनई१’ आलंय? आधी ईसीजी, मग बाकीचं

चक्कर येऊन पडलेल्या मुलाची, घरात कुणी तरुणपणी अचानक गेल्यावर भावंडांची, किंवा ईसीजीत ‘क्यूटी लांब’ (म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ) दिसल्यावर, हल्ली जनुकीय पॅनल तपासणी केली जाते. महिन्याभराने येणाऱ्या अहवालात कधीकधी एक ओळ असते : ‘केसीएनई१, सी.२५३जी>ए, हेटरोझायगस’. त्यावरून कुणी थेट हृदयात यंत्र बसवण्याच्या चौकशीला लागतं, तर कुणी अहवाल कपाटात टाकून विसरतं. या जनुकाच्या बाबतीत दोन्ही चुकीचं. केसीएनई१ मधला बदल एकटा असताना बहुतेक वेळा गप्प बसतो. चुकीची गोळी पोटात गेली किंवा अंगातलं पोटॅशियम उतरलं, की बोलतो. म्हणून अहवालाचा अर्थ लावायचा तो ईसीजी आणि औषधांची यादी शेजारी ठेवूनच.

हे जनुक करतं काय

हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की पेशींना पुढच्या ठोक्यासाठी ‘रिचार्ज’ व्हावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम पेशीबाहेर जातं. ते ज्या दारांतून जातं त्यांपैकी एक दार केसीएनक्यू१ या जनुकाच्या प्रथिनाचं असतं, चार तुकडे जोडून बनलेलं. केसीएनई१ चं प्रथिन स्वतः दार नाही. ते दाराला लागलेलं बिजागर समजा : अवघ्या १२९ अमिनो आम्लांचं, पेशीच्या पडद्यातून एकदाच आरपार जाणारं. ते नसेल तर दार झटकन उघडतं, पण त्यातून थोडंच पोटॅशियम जातं. ते जोडलं की दार सावकाश उघडतं आणि प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. या संथ प्रवाहाला ‘आयकेएस’ म्हणतात.

या बिजागराने शास्त्रज्ञांनाही आठ वर्षं चकवलं होतं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी ते उंदराच्या मूत्रपिंडातून शोधलं, त्याचा संदेश बेडकाच्या अंडपेशीत टोचला आणि प्रवाह दिसला. एवढंसं प्रथिन एकटंच दार कसं बनतं, हे कोडं १९९६ पर्यंत सुटलं नाही. बेडकाच्या अंडपेशीत तिचं स्वतःचं केसीएनक्यू१ आधीपासून होतं. टोचलेलं प्रथिन त्यालाच जाऊन चिकटत होतं.

व्यवहारात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की आयकेएस हा राखीव साठा आहे. शांत बसलेलं असताना मुख्य काम ‘आयकेआर’ नावाचा दुसरा प्रवाह करतो. धावताना, घाबरल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की आयकेएस जोर धरतो आणि वेगवान ठोक्यांना पुरेल इतका रिचार्ज लवकर करून देतो. क्यूटी लांबवणारी बहुतेक औषधं आयकेआर अडवतात. ज्याचा राखीव साठाच तोकडा, त्याचं अशा वेळी बिनसतं. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १ : अहवालातली ओळ नीट वाचा

सर्वात आधी नाव. केसीएनई१ आणि केसीएनई२ ही २१ व्या गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ बसलेली, पण वेगळी जनुकं आहेत. जुन्या कागदांत केसीएनई१ ला ‘मिनके’ किंवा ‘आयएसके’ असंही म्हटलेलं सापडेल. आणि २१ हा आकडा वाचून डाऊन सिंड्रोमची शंका आली असेल तर ती सोडा. तिथे अख्खं गुणसूत्र जादा असतं, इथे एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं.

मग बदल. ‘सी.२५३जी>ए’ म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या भागातल्या २५३ व्या जागी ‘जी’ ऐवजी ‘ए’. तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल, म्हणून ८५ व्या अमिनो आम्लाचं पहिलं अक्षर २५३ वं येतं : ८५ गुणिले ३, वजा २. तिथलं अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन अ‍ॅस्परॅजिन आलं, म्हणून त्याच बदलाला ‘डी८५एन’ असंही म्हणतात. हा हिशेब स्वतः करून बघा. ‘सी.’ (जनुकातली जागा) आणि ‘पी.’ (प्रथिनातली जागा) यांचे आकडे जुळत नसतील तर टंकलेखनाची चूक आहे किंवा वेगळा ट्रान्सक्रिप्ट (जागा मोजण्यासाठी धरलेली जनुकाची नक्कल) वापरला आहे. प्रयोगशाळेला विचारायला हवं. या जनुकासाठी नेहमीचा संदर्भ ट्रान्सक्रिप्ट एनएम_०००२१९ हा आहे.

‘हेटरोझायगस’ म्हणजे दोनपैकी एका प्रतीत बदल. ‘होमोझायगस’ किंवा ‘कंपाउंड हेटरोझायगस’ लिहिलं असेल तर दोन्ही प्रती बाधित आहेत, आणि मग पायरी ५ आधी वाचा.

शेवटी वर्ग. पॅथोजेनिक (आजार देणारा), लाइकली पॅथोजेनिक, व्हीयूएस, लाइकली बिनाइन, बिनाइन (निरुपद्रवी) हे पाच वर्ग २०१५ च्या अमेरिकी नियमावलीतून आले. व्हीयूएस म्हणजे ‘अर्थ अजून माहीत नाही’. ‘थोडासा धोका’ असा त्याचा अर्थ नाही. केवळ व्हीयूएस दिसला म्हणून उपचार सुरू करू नयेत, आणि सुरू असलेले बंदही करू नयेत.

तीन-चार बदल पुन्हापुन्हा भेटतात. एस३८जी हा जगभर इतका सर्रास आहे की बऱ्याच प्रयोगशाळा तो छापतही नाहीत. छापला असेल तर त्यावर झोप घालवू नका. डी८५एन युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात एक-दोन जणांत असतो. इतका सामान्य बदल एकट्याने गंभीर आजार देत असता, तर रुग्णालयं ओसंडून वाहिली असती. पण औषधामुळे क्यूटी लांबून ठोका बिघडलेल्या रुग्णांत तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतो. एस७४एल आणि डी७६एन हे १९९७ मध्ये लाँग क्यूटी असलेल्या कुटुंबांत सापडलेले बदल. ते वजनदार आहेत.

एका जुन्या समजुतीचं काय झालं तेही सांगायला हवं. ‘केसीएनई१ म्हणजे लाँग क्यूटी प्रकार ५’ असं पुस्तकांत छापलेलं असतं. कुठलं जनुक कुठला आजार देतं याचे पुरावे पारखणाऱ्या क्लिनजेन उपक्रमाच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासले. जन्मजात लाँग क्यूटीसाठी केसीएनक्यू१, केसीएनएच२ आणि एससीएन५ए यांचा पुरावा पक्का ठरला. केसीएनई१ चा मर्यादित. औषधांमुळे लांबणाऱ्या क्यूटीशी मात्र केसीएनई१ चा संबंध भक्कम धरला गेला. तुमच्या हातातला अहवाल आणि डॉक्टरांचं पुस्तक यांत फरक दिसला तर तो यामुळे.

पायरी २ : ‘काहीच सापडलं नाही’ असं आलं असेल तर हे विचारा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, डॉक्टरसुद्धा. मानवी जनुकसंचाचा जो संदर्भ आराखडा आज सर्वाधिक वापरला जातो, जीआरसीएच३८, त्यात २१ व्या गुणसूत्रावर केसीएनई१ ची एक खोटी जादा प्रत छापली गेली आहे, केसीएनई१बी नावाने. खऱ्या माणसात ती नसते. पण यंत्रातून आलेले डीएनएचे छोटे तुकडे संगणक आराखड्यावर बसवू लागला की त्याला दोन जागा तंतोतंत सारख्या दिसतात. तुकडा नेमका कुठला ते ठरेना, म्हणून तो ‘अविश्वसनीय’ म्हणून बाजूला टाकला जातो. परिणामी खरा बदल गायब, आणि अहवालावर ‘निगेटिव्ह’.

म्हणून ईमेलवर तीन प्रश्न लिहून पाठवा :

– कुठला संदर्भ आराखडा वापरला? जीआरसीएच३८ असेल तर त्यातली ही खोटी प्रत झाकलेली, म्हणजे ‘मास्क’ केलेली होती का?
– केसीएनई१ च्या कृतीच्या सगळ्या ३९० अक्षरांवर किमान २० वेळा वाचन झालं का, तेही चांगल्या मॅपिंग गुणवत्तेने?
– नसेल तर या एका जनुकाचं सँगर सिक्वेन्सिंग (तेवढाच तुकडा वेगळा घेऊन अक्षर-अक्षर वाचणं) करून द्याल का?

शेवटची मागणी अवाजवी नाही. केसीएनई१ ची प्रथिनाची कृती पूर्णपणे एकाच एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या एकाच सलग तुकड्यात आहे. ३९० अक्षरं सँगरच्या एका वाचनात आरामात मावतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं दोन-तीन मिलिलीटर रक्त पुरतं. बहुतेक वेळा आधी काढलेला डीएनए शिल्लक असतोच.

पायरी ३ : ईसीजी काढा आणि क्यूटी हाताने मोजा

यंत्राने वर छापलेला ‘क्यूटीसी’ (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) आकडा पहिला अंदाज म्हणून ठीक, पण निर्णय त्यावर नको. यंत्र कधी टी लाटेच्या मागची छोटी यू लाटही मोजून टाकतं, तर कधी चपटी टी लाट अर्ध्यातच सोडतं.

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आहे ना, ते पट्टीच्या कडेला बघा. मग एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा, मोठा चौकोन २०० चा. ईसीजीतली ‘लीड दोन’ किंवा ‘व्ही५’ लिहिलेली ओळ घ्या. क्यू लाट जिथे सुरू होते तिथे टोकदार पेन्सिलीने खूण करा. टी लाट उतरताना तिचा उतार जिथे सर्वात तीव्र आहे तिथे पट्टी टेकवून सरळ रेषा खाली ओढा. ती आधाररेषेला छेदते तो क्यूटीचा शेवट. त्या रेषेपलीकडे यू लाटेचं टेंगूळ असेल तर ते मोजायचं नाही. लगेच आधीच्या दोन ठोक्यांमधलं आरआर अंतरही मोजा.

समजा, क्यूटी साडेदहा लहान चौकोन आले, म्हणजे ४२० मिलिसेकंद. आरआर २० चौकोन, म्हणजे ०.८ सेकंद. बॅझेटच्या सूत्राने क्यूटीला आरआरच्या वर्गमुळाने भागायचं. ०.८ चं वर्गमूळ ०.८९४, ४२० भागिले ०.८९४ बरोबर ४७०. हाच ठोका फ्रिडेरिशियाच्या सूत्राने, म्हणजे घनमुळाने (०.९२८) भागला तर ४५२ येतात. कागद एकच, आकड्यांत १८ चा फरक. म्हणून दोन अहवालांची तुलना करताना सूत्र तेच आहे ना ते आधी बघायचं. नाडी ९० च्या वर असेल तर बॅझेट आकडा फुगवतो. रडणाऱ्या लेकराचा किंवा तापातला ईसीजी यासाठी निरुपयोगी. शांत झाल्यावर पुन्हा काढा. मुलांत श्वासाबरोबर ठोक्यांतलं अंतर कमीजास्त होतं, तेव्हा सलग पाच-सहा ठोके मोजून सरासरी घ्या.

पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० च्या वर गेलं की ‘लांब’ म्हणायचं. लांबवणारं दुसरं कारण नसताना वेगवेगळ्या दिवशीच्या ईसीजींत ४८० किंवा त्याहून जास्त आलं, तर लक्षणं नसली तरी लाँग क्यूटीचं निदान होतं. ५०० च्या वर धोका ठळकपणे वाढतो.

आरामातला ईसीजी सरळ आला तरी केसीएनई१ च्या बाबतीत काम संपत नाही, कारण राखीव साठा तपासायचा तर तो वापरायला लावावा लागतो. सोपी चाचणी : ईसीजी चालू ठेवून, पडून असलेल्या माणसाने झटकन उभं राहायचं. नाडी वाढते, क्यूटी आखडायला हवा. तो आखडलाच नाही, तर संशय वाढतो. ट्रेडमिलवर धावून थांबल्यानंतर चौथ्या मिनिटाला क्यूटीसी ४८० किंवा जास्त असणं हीही खूण आहे. ट्रेडमिल करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच सांगून ठेवा, कारण नेहमीच्या चाचणीत तो थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत तारा काढून मोकळा होतो.

पायरी ४ : चक्कर कशी आली ते लिहून काढा

रांगेत उभं असताना, उन्हात, रक्त बघून, आधी मळमळ आणि घाम येऊन आलेली चक्कर बहुधा साधी असते. धावताना, पोहताना, दचकल्यावर, भांडणाच्या भरात, काहीही पूर्वसूचना न देता कोसळणं वेगळं. आणि ‘हातपाय झटकले, म्हणजे फिटच’ हा निष्कर्ष घाईचा आहे. मेंदूला रक्त न पोचल्यानेही झटके येतात. फिटच्या गोळ्या सुरू असूनही धावताना पडणाऱ्या प्रत्येक मुलाचा ईसीजी एकदा तरी हाताने मोजलेला असायला हवा.

पायरी ५ : दोन्ही प्रती बाधित असतील, किंवा मूल जन्मापासून ऐकत नसेल

आयकेएसचं हेच दार आतल्या कानातही आहे. तिथे ते पोटॅशियम कानातल्या द्रवात सोडतं, आणि त्या द्रवावरच ऐकण्याच्या पेशी चालतात. एक प्रत चांगली असेल तर कानाचं भागतं. दोन्ही बिघडल्या तर जन्मजात ठार बहिरेपण आणि लांब क्यूटी एकत्र येतात. १९५७ मध्ये नॉर्वेत वर्णन झालेला हा जर्व्हेल-लांगे-नील्सन सिंड्रोम. बहुतेक रुग्णांत दोष केसीएनक्यू१ मध्ये असतो. थोड्यांत केसीएनई१ मध्ये, आणि तो प्रकार हृदयाच्या दृष्टीने तुलनेने सौम्य असतो.

आईवडील दोघेही एकेका प्रतीचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत चालत आलं आहे; तिथे एकाच पणज्याचा बदल दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. बहिऱ्या मुलाचा साधा ईसीजी कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेआधी काढलाच पाहिजे, जनुकीय तपासणी होवो न होवो. भुलीची काही औषधं आणि उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं ऑन्डॅनसेट्रॉन, दोन्ही क्यूटी लांबवतात. लांब क्यूटी आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ औषधं बदलून काम करतात.

पायरी ६ : औषधांची यादी

केसीएनई१ मध्ये बदल असलेल्या घरात खरा फरक इथे पडतो. मेडिकलच्या काउंटरवर किंवा दवाखान्यात सहज हाती पडणारी नावं आधी :

अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, डॉम्पेरिडोन, ऑन्डॅनसेट्रॉन, क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम, हॅलोपेरिडॉल, ठोक्यांच्याच आजारावरचं सोटॅलॉल, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं बेडाक्विलिन.

यातलं डॉम्पेरिडोन सगळ्यांत फसवं. ‘अ‍ॅसिडिटीची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोलच्या जोडीला ते भरलेलं असतं आणि नावाच्या शेवटी ‘डी’ लावलेला असतो. पाकिटाच्या मागचे बारीक घटक वाचा. नुसतं पॅन्टोप्रॅझोल मागा. दुसरा सापळा जोडीचा : पोट बिघडलं, उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन, जुलाबांसाठी एखादी प्रतिजैविक, आणि जुलाबांतून पोटॅशियम आधीच वाहून गेलेलं. तिन्ही गोष्टी एकाच दुपारी.

क्रेडिबलमेड्स ही क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची सतत अद्ययावत होणारी यादी आहे. कुठलंही नवं औषध घेण्याआधी त्यातल्या घटकाचं नाव तिथे शोधा. आणि क्षय किंवा गंभीर संसर्ग असेल तर यादी बघून परस्पर औषध थांबवू नका. डॉक्टर ईसीजीवर लक्ष ठेवून तेच औषध देऊ शकतात.

पोटॅशियम ४ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलीटरच्या वर राहावं, मॅग्नेशियमही तपासावं. जुलाब लागले की घरचं मीठ-साखरेचं पाणी पुरत नाही, त्यात पोटॅशियम नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लीटरला १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकीट बरोबर एका लीटरमध्येच विरघळवा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. ते ओआरएसच्या जोडीला घ्या, त्याऐवजी नको. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर ती कुठली, हे डॉक्टरांना विचारा.

पायरी ७ : उपचार कुणाला

बदल व्हीयूएस किंवा नुसता डी८५एन, क्यूटी सरळ, लक्षणं नाहीत : औषध नको, पायरी ६ पाळा, दोन-तीन वर्षांनी ईसीजी. क्यूटी लांब असेल किंवा श्रमात बेशुद्धी आली असेल तर बीटा ब्लॉकर (अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर रोखणारी गोळी). लाँग क्यूटीत नॅडोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल यांच्यावर भरवसा जास्त, मेटोप्रोलॉलवर कमी. त्यामुळे ‘सगळे सारखेच’ म्हणून दुकानदाराने बदलून दिलेलं घेऊ नका. दमा असेल तर आधी सांगा. गोळी अचानक बंद करणं सर्वात घातक : गावाला जाताना विसरली, परीक्षेच्या दिवसांत ‘सुस्ती येते’ म्हणून सोडली, आणि अ‍ॅड्रेनॅलिनला मोकळं रान मिळालं. आयसीडी हे (ठोका घातक बिघडला की विजेचा झटका देणारं) यंत्र हृदय थांबून वाचलेल्यांसाठी किंवा औषध घेऊनही बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी. फक्त जनुकीय अहवालावरून ते बसवायचं नसतं.

कुणी कोसळलं, हाक मारून उठत नाही, नीट श्वास नाही : १०८ ला फोन, आणि लगेच छातीच्या मधोमध दाब. मिनिटाला १०० ते १२०, प्रौढात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. कांदा हुंगवण्यात आणि तोंडावर पाणी मारण्यात मिनिटं जातात. रुग्णालयात टॉर्साड (लांब क्यूटीतून उद्भवणारा घातक वेगवान ठोका) दिसला, तर पहिलं औषध शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट, प्रौढात २ ग्रॅम. ‘केसीएनई१’ हा शब्द दारातच सांगितला तर तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पायरी ८ : घरातल्या बाकीच्यांचं

बदल पॅथोजेनिक किंवा लाइकली पॅथोजेनिक असेल तर आईवडील, भावंडं, मुलं यांचा ईसीजी आणि फक्त त्या एका बदलाची सँगर तपासणी. पुन्हा अख्खं पॅनल करण्यात पैसे घालवू नका. व्हीयूएस असेल तर नातेवाइकांचा ईसीजी पुरे. त्यांचं रक्त घ्यायचं ते बदल आजाराबरोबर घराण्यात उतरतो का, हे ठरवायला मदत होणार असेल तरच. मुलीचं स्थळ बघायच्या आधी ‘गुपचूप तपासून घेऊ’ असं होतं. प्रौढ व्यक्तीची तपासणी तिच्या संमतीशिवाय करायची नाही. अहवाल कुणाला दाखवायचा, हेही तीच ठरवेल.

मूळ अहवालाची छायाप्रत, हाताने मोजलेला पहिला ईसीजी आणि टाळायच्या औषधांची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. फोनमध्येही फोटो असू द्या. ईसीजीचा थर्मल कागद वर्षाभरात पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. व्हीयूएस असेल तर दोन वर्षांनी नमुना क्रमांक देऊन प्रयोगशाळेला वर्ग बदललाय का ते विचारा. कधीकधी बदललेला असतो, पण त्या आपणहून कळवतीलच असं नाही.